रामदास बुडाली त्या दिवशी जन्मलेली कृष्णाबाई

आमच्या अलिबागकडच्या खारेपाटात कृष्णाबाईंच्या वयाच्या बायकांना आपली जन्मतारीख सांगता येत नाही. कोणी म्हणते मोठ्या उधाणाच्या साली झाले, कोणी म्हणते भात झोडत होते तेव्हा. आधार कार्डावर निम्म्या गावाचा वाढदिवस एक जानेवारीला येतो. कृष्णाबाईंची तारीख मात्र त्यांनाच काय, साऱ्या गावाला पाठ होती. सतरा जुलै एकोणीसशे सत्तेचाळीस, गुरुवार, आषाढातली अमावस्या. त्या दिवशी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला यायला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेच्या वर माणसं बुडाली.

कृष्णाबाईंचे वडील कोंडाजी मुंबईला गिरणीत होते. बायकोचे दिवस भरत आले म्हणून त्यांनी पोस्टकार्ड टाकलं होतं, गुरुवारच्या बोटीनं येतो. नीराबाईंना पहाटेपासून कळा सुरू झाल्या. दुपारी मुलगी झाली आणि संध्याकाळच्या आत रेवसहून माणूस धावत आला. पुढे कितीतरी दिवस किनाऱ्याला प्रेतं लागत होती. कोंडाजी सापडले नाहीत. त्यांच्या खोलीतल्या गाववाल्यानं सांगितलं की ते सहालाच ट्रंक घेऊन धक्क्यावर गेले होते. तेराव्या दिवशी नीराबाईंच्या बांगड्या फोडल्या. बाळंतिणीच्या कुशीत तेरा दिवसांची पोर होती. त्या वेळी कोणीतरी म्हणालं, ‘पोरीनं बापूस खाल्ला.’ बापूसखाऊ हे नाव कृष्णाबाईंना चिकटलं ते चिकटलंच.

मी या गावात सून म्हणून आले, इथल्याच हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. कृष्णाबाई आमच्यापासून चार घरं सोडून राहायच्या. त्यांची गोष्ट मला गावानं आधी सांगितली आणि त्यांनी स्वतः फार नंतर. शाळेत त्या कधी गेल्या नाहीत. सात वर्षांच्या असल्यापासून आईबरोबर मिठागरावर. चौदाव्या वर्षी त्यांचं लग्न धर्मा नावाच्या बिजवराशी लावून दिलं. पंधरा वर्षांनी मोठा, पण माणूस चांगला होता. म्हणायचा, ‘मी एकदा सगळं गमावलेला हाय, माझं आणखी काय खाणार ही?’ पण पहिली मुलगी पाच महिन्यांची होऊन तापानं गेली, तेव्हा कृष्णाबाई रडल्या नाहीत. ‘मी सांगितलं व्हतं,’ एवढंच म्हणाल्या. म्हणजे गाव बोलत होतं ते एव्हाना त्यांनीच खरं धरलं होतं.

त्यांचा गळा गोड होता. लग्नातली धवल्याची गाणी, हळदीपासून पाठवणीपर्यंतची, त्यांना ओळ न चुकता यायची. पण लग्नघरी त्यांना गायला कधी कोणी बोलावलं नाही. त्या ही गाणी लावणीच्या वेळी चिखलात वाकून म्हणायच्या. बायका ऐकायच्या, शिकून घ्यायच्या आणि मग मांडवात जाऊन म्हणायच्या. मुलगा गणराज याच्या लग्नात त्या मांडवाच्या मागे चुलीपाशीच बसून होत्या. नात झाली तेव्हा बाळावर आपली सावली नको म्हणून बारा दिवस गोठ्यात राहिल्या. सुनेनं हाताला धरून घरात आणलं. ती नात म्हणजे प्रणाली.

सावली नको नको म्हणता ही पोर आजीच्याच मांडीवर वाढली. शिकली, बी.एड. झाली आणि माझ्याच शाळेत इतिहास शिकवायला आली. परिपाठाला दिनविशेष वाचायचं काम तिनं मागून घेतलं होतं. आज कोण जन्मलं, कोण गेलं, जगात काय घडलं. फळ्यावर लिहायची आणि तेच तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकायची. लोक वाचायचे, हात जोडलेली चित्रं टाकायचे.

दोन हजार तेवीसच्या जुलैत ती म्हणाली, “सुचिताताई, सतरा जुलैला मी आजीचं नाव टाकणार. यंदा तिथीपण तीच आलीय, अमावस्या. शहात्तर वर्षं त्या तारखेला आमच्या घरात गोड केलं नाही. मला ते बदलायचंय.”

मजकूर तिनं मला दाखवला. पॉट्सडॅमची परिषद सुरू झाली, अमेरिकेचं आणि रशियाचं यान अवकाशात एकमेकांना जोडलं गेलं, रामदास बोट बुडाली. त्याखाली लिहिलं होतं: ‘याच बोटीत बुडालेल्या कोंडाजींची कन्या, आमच्या आजी कृष्णाबाई, यांचा आज वाढदिवस.’ सोबत कोंडाजींचा फोटो. घरात तो एकच होता. डोक्याला काळी टोपी, डावा हात खुर्चीच्या पाठीवर, मागे रंगवलेली बाग. मुंबईच्या स्टुडिओत काढून गावी पाठवलेला. मी एक ऱ्हस्वदीर्घाची चूक दुरुस्त केली आणि म्हटलं, छान झालंय.

त्या दिवशी प्रणालीनं आजीला शाळेत आणलं. “आज अवस हाय गं, आज कशाला,” असं वाटभर म्हणत त्या आल्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या, एका मुलीनं गुलाबाचं फूल दिलं. ते कुठे ठेवावं हे न कळून त्यांनी ते पदराच्या गाठीत बांधलं. वर्गाच्या दारातून आत काही त्या आल्या नाहीत. पण घरी जाताना माझ्याकडे वळून म्हणाल्या, “मास्तरीण, पोरं घाबरली नाय मला.”

दोन दिवसांनी इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सगळ्यांचे फोन त्याच बातम्यांनी भरले आणि प्रणालीचा मजकूर खाली गेला. पण तोवर तो कोणीतरी पुढे पाठवला होता. तिथून आणखी कोणी, असं करत तो मुंबईला परेश नावाच्या माणसापर्यंत पोचला. ऑगस्टमध्ये त्यानं प्रणालीला फोन केला. ‘भेटूनच बोलेन,’ म्हणाला.

तो रविवारी आला. पावसात लाँचा बंद, म्हणून पेणवरून एसटीनं. पंचेचाळिशीचा, विमा कंपनीत नोकरीला, बोलायला हळू. गणराज, प्रणाली, कृष्णाबाई ओट्यावर होते. प्रणालीनं मलाही बोलावून घेतलं होतं. चहा झाल्यावर त्यानं पिशवीतून एक फोटो काढून गणराजच्या हातात दिला. काळी टोपी, खुर्चीवर हात, रंगवलेली बाग.

“आमचाच हाय हा,” गणराज म्हणाला. “तुमच्याकडं कसा?”

“आमच्या घरात भिंतीवर असतो. हे माझ्या आईचे वडील. कोंडाजी. चौऱ्याहत्तर साली गेले, परळच्या चाळीत.”

“सत्तेचाळीस म्हणा. बोटीत गेले ते.”

“नाही, काका.” परेशनं मृत्यूचा दाखला पुढे केला. नाव तेच, बापाचं नाव तेच. मूळ गावाच्या जागी आमच्या गावाचं नाव, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा. गणराजनं तो दोनदा वाचला आणि प्रणालीकडे दिला. 

कृष्णाबाई फोटो मागून घेऊन बघत होत्या. त्यांनी विचारलं, “पोरं किती ह्याला?”

“एकच. माझी आई, गोदू. एक्कावन्नचा जन्म.”

“आम्ही जित्ती हाव, हे ह्याला कोणी सांगितलं नाय?”

परेश त्यांच्याजवळ सरकला. मग म्हणाला, “आजी, आमच्या घरात वेगळंच सांगितलेलं होतं. आजोबा सांगायचे म्हणे, त्यांची पहिली बायको रामदास बोटीत बुडाली. पोटुशी होती. गावात आता आपलं कोणी उरलं नाही, असं म्हणायचे. म्हणून तर तुमचं नाव वाचल्यावर मला आधी काही समजेना.”

 कृष्णाबाई उठल्या. “भात लागंल,” म्हणून आत गेल्या. चुलीवर भात नव्हताच.

परेशला दोष देण्यासारखं काही नव्हतं. जाताना तो सगळ्यांच्या पाया पडला. त्याची आई आजारी होती, तिला बहीण असल्याचं कळल्यापासून तिनं भेटीचा धोशा लावला होता. गणराजचं मन नव्हतं. पण गणपती झाल्यावर एक दिवस कृष्णाबाई स्वतःच म्हणाल्या, “मला तिला विचारायचा हाय.” काय विचारायचं ते बोलल्या नाहीत.

गाडी करून कृष्णाबाई, प्रणाली आणि मी रस्त्यानं गेलो. लाँच सुरू झाली होती, तरी कृष्णाबाई उभ्या जन्मात कधी लाँचमध्ये चढल्या नव्हत्या. नीराबाईंनी लेकीला जेटीवर पाऊलसुद्धा ठेवू दिलं नव्हतं. परळला चाळीच्या जागी आता उंच इमारत होती. नवव्या मजल्यावर गोदूताई पलंगावर टेकून बसल्या होत्या. दोघी बहिणींचं कपाळ आणि हनुवटी एकसारखी होती, ते बघून प्रणाली खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

गोदूताईंनी कृष्णाबाईंचे दोन्ही हात धरले आणि त्या रडू लागल्या. कृष्णाबाईंनी हात सोडवून घेतले नाहीत, पण रडल्याही नाहीत. म्हणाल्या, “कसा व्हता तो?”

“शांत होते बाबा. कधी हात उगारला नाही. मला शाळेत सोडायला यायचे. माझा वाढदिवस मार्चमधला, तेव्हा आठवणीनं पेढे आणायचे.” एवढं बोलून गोदूताई थबकल्या. आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं असावं.

“आणि ह्या दिवशी? सतरा जुलैला?”

“त्या दिवशी जेवायचे नाहीत. सकाळी उठून भाऊच्या धक्क्यावर जाऊन बसायचे, दिवे लागायला परत यायचे. आई चिडायची. म्हणायची, मेलेल्या बाईसाठी अजून किती उपास? ”

कृष्णाबाई पुढे वाकल्या. “धक्क्यावर बसायचा?”

“दर वर्षी. मरेपर्यंत.”

“धक्क्यावरून रेवसच्या बोटी सुटत व्हत्या ना?”

“हो, सुटायच्या की. पाऊस फार नसला तर.”

“मग चढला का नाय?”

 ते सांगू शकेल असं कोणीच राहिलं नव्हतं. बोट चुकली म्हणून वाचला, की चढायचंच नव्हतं? धक्क्यावरच्या गोंधळात आपलं नाव मेलेल्यांत गेलंय हे कळल्यावर त्याला सुटल्यासारखं वाटलं, की भीती वाटली? गोदूताईंची आई तेव्हा आधीच त्याच्या आयुष्यात होती का? प्रणालीनं आडून आडून विचारून पाहिलं. गोदूताईंना त्यातलं काही माहीत नव्हतं. निघताना त्यांनी एक साडी ओटीत घातली. कृष्णाबाईंनी ती घेतली. परतीच्या वाटेवर पनवेलला त्यांनी ती पिशवीत ठेवली. मग म्हणाल्या, “दीड-दोन तासाचा तर रस्ता व्हता पाण्यानं.”

आठवड्यानं दुपारी मी त्यांच्याकडे गेले. त्या वाल सोलत बसल्या होत्या. मी न विचारताच त्यांनी सुरुवात केली.

“आयसला म्हायती व्हता, मास्तरीण.”

“आईला? काय माहीत होतं?”

“मी सात वर्सांची असन. मिठागरावर शेजारच्या गावचा एक गडी आला, गिरणीतला. म्हनला, नीरा, कोंडाजीला मी लालबागंत बघितला, जित्ता हाय. आयस कोयता घेऊन त्याच्या अंगावर धावली. लोकांनी धरली म्हणून, नायतर तोडलाच असता त्याला. घरी आल्यावर मला म्हनली, कोणाला बोललीस तर जीभ कापन. मी इसरून गेलेली. इतक्या वर्सांनी आता ध्यानात येतंय.”

त्यांनी दोन-चार वाल सोलले.

“नवरा मेला म्हणून ती गावात ताठ मानेनं राह्यली. टाकून गेला म्हणून राह्यली नसती. ते मला कळतंय. पण लोकं मला बापूसखाऊ म्हनत व्हती तेव्हा ती ऐकत व्हती. तिच्यासमोर म्हनत व्हती. ती पण म्हनायची कधी कधी, राग आला म्हंजे.”

मला वाटलं काहीतरी समजुतीचं बोलावं. म्हटलं, “निदान आता कळलं ना, तुमचा त्यात काही दोष नव्हता.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत, पण मला खाली बघावं लागलं.

“माझ्यापायी मेला असं व्हतं तेच बरं व्हतं. काहीतरी कारण तरी व्हता. मी पोरीला कुशीत घेऊन झोपले नाय तापात, माझी नजर नको म्हणून. धर्माची आई तिला घेऊन झोपली. माझ्याविना गेली ती. आता तुम्ही सांगताव, तशी काय गरजच नव्हती.”

त्यानंतर मी त्यांना कधी समजावायला गेले नाही.

गणराजनं घरात ठरवून टाकलं होतं, ही गोष्ट बाहेर जाता कामा नये. नीराबाईंची गावात अब्रू होती, रामदासमध्ये गेलेल्याची विधवा म्हणून. ती धुळीला मिळवायची नाही. प्रणालीला ते पटत नव्हतं. रोज शाळेत मधल्या सुट्टीत ती माझ्याशी वाद घालायची. “मेलेल्या माणसांची अब्रू सांभाळायची आणि जिवंत बाईला मरेपर्यंत अपशकुनी म्हणू द्यायचं? मी सगळं लिहिणार आहे.” मी तिला थांबवलं नाही आणि लिही असंही म्हणाले नाही. ते माझ्या स्वभावातलंच आहे, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

पुढच्या मे महिन्यात शेजारच्या विनेशची हळद होती. प्रणालीनं आजीला नवी साडी नेसवली, गोदूताईंनी दिलेलीच. हाताला धरून तिला मांडवात पुढे नेऊन बसवलं. कृष्णाबाई नको म्हणत होत्या, पण पाय तिकडेच वळत होते. धवल्याची गाणी सुरू झाली. एका ठिकाणी गाणारी अडखळली, पुढची ओळ तिला आठवेना. कृष्णाबाईंच्या तोंडून ती ओळ आपसूक निघाली. सत्त्याहत्तराव्या वर्षीही आवाज स्वच्छ होता. दोनतीन बायका वळून बघू लागल्या. मला वाटलं, आता कोणी म्हणेल, गा की पुढे.

विनेशची चुलत आजी उठली, हळदीचं ताट उचललं आणि कृष्णाबाईंच्या समोरून दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवलं. रागानं नाही, अगदी सवयीनं, उन्हातलं भांडं सावलीत सरकवावं तसं. “पोराचं चांगलं व्हायचं हाय गं बाई,” एवढंच ती म्हणाली.

प्रणाली उभी राहिली. “माझ्या आजीनं कोणाला खाल्लं नाही. तुम्हाला खरं ऐकायचंय? तिचा बाप त्या बोटीत...”

“गप ऱ्हा,” कृष्णाबाई म्हणाल्या.

“आजी, आज तरी...”

“गप ऱ्हा सांगितला ना.” त्यांनी प्रणालीच्या मनगटाला धरून उठायला आधार घेतला. “माझ्या आयसची लाज भरल्या मांडवात नको काढू. तिनं ती जल्मभर झाकली.”

दोघी घरी गेल्या. मी मागोमाग गेले. ओट्यावर पोचल्यावर कृष्णाबाईंनी साडी बदलली, घडी घातली आणि प्रणालीच्या हातात दिली. मांडवात गाणी परत सुरू झाली होती. त्या आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजल्या.

तिथून पुढे त्या उतरत गेल्या. आजार म्हणावा असा नव्हता. अलिबागच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, टॉनिक दिलं. त्या ओट्यावर यायच्या, बसायच्या, कोणी बोललं तर मान हलवायच्या. लावणीच्या दिवसांत शेतावर गेल्या नाहीत आणि बायकांनी हाक मारली तरी गाणं म्हटलं नाही. जुलैची सतरा तारीख आली आणि गेली. प्रणालीनं त्या दिवशी फळ्यावर काहीच लिहिलं नाही, मुख्याध्यापकांनी विचारलं तर खडू नव्हता म्हणाली. दिवाळीच्या आधी परेशचा फोन आला, गोदूताई गेल्या. गणराजनं आईला सांगितलं. सुतक धरायचं का, हे त्याला कळत नव्हतं.  “माझी कोण लागते ती?” असं कृष्णाबाईंनी विचारलं, आणि ते विचारताना त्यांना खरंच उत्तर हवं होतं. गणराज म्हणाला, “बहीण.” त्या मागीलदारी गेल्या आणि सुतकाची, डोक्यावरून अंघोळ करून आल्या.

जानेवारीत एका सकाळी त्या उठल्या नाहीत. दहाव्याला परेश आला. प्रणालीच्या ओळखीचे मुंबईचे एक गृहस्थ, अशी गणराजनं गावकऱ्यांना त्याची ओळख करून दिली. तो सगळ्यांच्या मागे उभा राहिला, मुंडण केलं नाही, कोणी त्याला पुढे बोलावलं नाही. जेवणं झाल्यावर गावातले म्हातारे ओट्यावर बसून रामदासच्या गोष्टी सांगत होते. कोणाचा आजा पोहत रेवसला आला, कोणाचे दोन भाऊ एकमेकांना धरून मेले, कोंडाजी कसा बायकोच्या बाळंतपणाला निघाला आणि पोचलाच नाही. परेश ऐकत होता. गणराज चहा देत फिरत होता.

प्रणालीनं त्यानंतर बदलीसाठी संस्थेकडे अर्ज केला. आता ती पालीच्या बाजूला शिकवते, महिन्यातून एकदा घरी येते. जायच्या दिवशी ती माझ्याकडे आली होती. दारातच उभी राहिली.

“सुचिताताई, मी तो फोटो टाकला नसता तर ती काय समजून गेली असती?”

“आधी समजत होती तेच.”

“ते बरं झालं असतं का?”

मी तिला आत ये म्हटलं. ती आली नाही. एसटीची वेळ झाली होती.